सौजन्य कॉलनीचे गुलाब आणि बिडकीनचं स्फुरद

सौजन्य कॉलनीतले गुलाब डुकरांच्या कृपेने फुलतात, ही गोष्ट साऱ्या जगात फक्त तिघांना ठाऊक होती. एक व्यंकटराव सेलूकर, दुसरे बिडकीनचे त्यांचे भागीदार आप्पा आणि तिसरी आप्पांची बायको म्हाळसाबाई. बाकी कॉलनीची समजूत अशी, की व्यंकटरावांनी निवृत्त झाल्यावर बिडकीनच्या प्लॉटवर देशी गाई पाळल्या आहेत आणि त्या गाई दिवसभर रवंथ करत कॉलनीच्या बागेचीच चिंता वाहत असतात.

आता व्यंकटराव खोटं बोलले होते का? मुळीच नाही. ते फक्त 'हं' म्हणाले होते. खताची पहिली गोणी बागेत रिकामी होत असताना कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब हर्सूलकर शेजारी येऊन उभे राहिले, खत चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "वा! देशी गाईचं दिसतंय." त्यावर व्यंकटराव म्हणाले, "हं." बस्स. ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण विळीवरसुद्धा चढत नाही, त्या घरच्या माणसाने चारचौघांत 'डुक्कर' हा शब्द काढायचा तरी कोणत्या तोंडाने? गोठ्यावरसुद्धा ते 'जनावरं' म्हणत, आणि फारच मोकळेपणाने बोलायचं झालं तर 'प्रकल्प'.

आप्पांची अडचण वेगळीच होती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. दुष्काळात चारा संपला, अर्धं रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, उरलेली मेंढरं बाजारात गेली. डुकरं तेवढी कोंडा, भरडा, हॉटेलातलं उरलंसुरलं, काय मिळेल ते खाऊन वाढत होती. पण पाहुण्यारावळ्यांना सांगायचं काय? आप्पांनी सरळ सांगून टाकलं, "विलायती मेंढरं हायेत. तिकडं थंडीत लोकर येती त्यांना. हिकडं उन्हानं झडली." पाहुणे त्या गुलाबी अंगाकडे बघून हळहळायचे आणि चहा पिऊन जायचे.

तर त्या एका 'हं'चा बघता बघता संसार झाला. गाई म्हटल्यावर दूध आलं. व्यंकटराव बिडकीनहून येताना पिशवीतलं दूध विकत घेत, आडरस्त्याला स्कूटर उभी करून ते स्टीलच्या किटलीत ओतत आणि घरी आल्यावर बायकोच्या, उमाबाईंच्या, हातात किटली देताना थोडे दमल्यासारखे करत. दुधापाठोपाठ मान आला. गणपतीत कॉलनीने त्यांना शाल-नारळ देऊन 'गोसेवक' म्हणून सत्कार केला. मृद परीक्षण प्रयोगशाळेत आयुष्य घालवलं, पण तिथे निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही बंद. इथे अख्खी कॉलनी 'या गोसेवक' म्हणते म्हटल्यावर माणूस काय करेल? व्यंकटरावांनी ती शाल घेतली आणि कपाटात सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवली. त्या दिवसापासून त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. ही शाल परत द्यायची वेळ येऊ नये.

त्यातून गुलाब असे माजले होते की विचारू नका. जायकवाडीचा पाणीसाठा रोज पेपरात खाली जात होता, नळ आठवड्याने एकदा खोकत होता, टँकर आला की बायाबापड्या धावत होत्या. आणि सौजन्य कॉलनी आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी घरोघर जमा करून गुलाबांना घालत होती. गेल्या साली शहरातल्या पुष्पस्पर्धेची ढाल कॉलनीने मारली होती. ती ढाल तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यात होती, कारण कॉलनीला दिवाणखाना नाही.

अशा सुखाच्या दिवसांत ढवळीचे पाय गेले.

ढवळी म्हणजे आप्पांच्या गोठ्यातली थोरली डुकरीण. नाव म्हाळसाबाईने ठेवलेलं. ढवळी उठायला गेली की मागचे पाय लटपटत आणि ती मटकन खाली बसे. मग तिचं बघून बाकीची जनावरंही लंगडायला लागली. म्हाळसाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. "माणसागत बसून राहती वो बिचारी," ती म्हणाली, "काय तरी करा, साहेब. हिच्यावरच तर सगळं हाय."

व्यंकटराव काय करणार? कॉलनीत सल्ला विचारावा, तर तो गाईचा मिळणार. तरी त्यांनी विचारला. "आमच्या ढवळीचे पाय लटपटताहेत," एवढं म्हणायची खोटी, चार सल्ले मिळाले. कोणी म्हणालं हळदीचा लेप लावा, कोणी म्हणालं दृष्ट काढा. तळमजल्यावरच्या कल्लूरकर वहिनींनी मोबाइलवर बासरी पाठवली आणि ती रोज सायंकाळी गाईच्या कानाशी वाजवायला सांगितली. व्यंकटरावांनी ती वाजवलीसुद्धा. ढवळीने मोबाइल खाण्याचा प्रयत्न केला.

मग ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बिल्ला आहे का?"

"कसला बिल्ला?"

"कानातला. जनावराच्या कानात बिल्ला असला की नोंद होते. नोंद झाली की उपचार."

"मग बिल्ला मारा ना."

"डुकरांना बिल्ले अजून आले नाहीत. गाय-म्हैस असेल तर बोला."

म्हणजे बिल्ला नाही म्हणून जनावर नाही, जनावर नाही म्हणून रोग नाही, आणि रोग नाही म्हणून ढवळीने उठून चालायला काही हरकत नव्हती. व्यंकटरावांनी स्वतः सरकारी नोकरी केली होती, त्यामुळे त्यांना या उत्तराची मनातून थोडी कदरच वाटली. पण दाराशी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंना, योगिनी त्यांचं नाव, म्हाताऱ्याची दया आली. त्यांनी बाहेर कडुलिंबाखाली उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं.

"काय खायला घालता?" त्यांनी विचारलं.

"मक्याचा भरडा. कोंडा. पेंड."

"मग पाय जाणारच. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडतंय हाडांना."

व्यंकटराव ताठ झाले. स्फुरद! नत्र, स्फुरद, पालाश यांवर त्यांचा जन्म गेलेला. त्यांना कोणी स्फुरद सांगावं? "अहो बाई, मक्यात आणि कोंड्यात स्फुरद भरपूर असतं," ते जरा जोरातच म्हणाले.

"असतं ना. पण कुलपात असतं, काका. धान्यातल्या स्फुरदाला डुकराच्या पोटात किल्लीच नाही. गाईच्या पोटातल्या जंतूंकडे ती किल्ली असते, डुकराकडे नाही. मग ते स्फुरद आलं तसंच शेणातून बाहेर जातं. तुम्ही खुराकात फायटेज घाला. एन्झाइम आहे, भुकटी मिळते. क्विंटलभर भरड्यात दोन चमचे पुरे. कुलूप उघडतं, स्फुरद हाडात जातं."

स्फुरद शेणातून बाहेर जातं, हे वाक्य व्यंकटरावांनी ऐकलं आणि कानामागे टाकलं. तिथेच ते थांबले असते, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण त्यांना किल्लीच्या घाईने काही सुचत नव्हतं.

फायटेज मिळालं औरंगपुऱ्यात, एका गल्लीतल्या पशुखाद्याच्या दुकानात. दुकानदार सांडूभाऊ हा माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. "क्या होना, काका?"

"फायटेज," व्यंकटराव हळूच म्हणाले.

"मुर्गी का होना की डुक्कर का?"

व्यंकटरावांनी मागे बघितलं. भर बाजार. "दुसरं," ते म्हणाले.

"दुसरा बोले तो?"

"तेच ते. तुम्ही शेवटी म्हणालात ते."

"हां, तो वैसा बोलो ना!" आणि सांडूभाऊंनी माळ्याकडे तोंड करून आरोळी ठोकली, "अरे, काका के वास्ते डुक्कर का फायटेज फेक ऊपर से!"

वरून पाकीट आलं. पाकिटावर एक गुलाबी डुक्कर छापलेलं, आणि ते हसत होतं. व्यंकटरावांनी ते झेलून छातीशी घट्ट धरलं, चित्र आतल्या बाजूला, आणि वळून बघतात तो समोर साक्षात तात्यासाहेब! गुलाबांसाठी फवारणीचं औषध घ्यायला आत्ताच गल्लीत शिरले होते, आरोळी थोडक्यात हुकली होती.

"गोसेवक, तुम्ही इकडे? काय घेतलंत?"

"काही नाही, आपलं... एन्झाइम. जनावरांना. पचनासाठी."

आता इथे तात्यासाहेबांच्या पोटाविषयी सांगणं भाग आहे. ते पोट कॉलनीत प्रसिद्ध होतं. सभेत ठराव मांडला की अनुमोदन आधी त्या पोटातून येई. ओवा, हिंग, लसणीचा रस, आडवं पडून पाय वर, सगळं करून झालं होतं. 'पचन' हा शब्द ऐकताच त्यांचे डोळे भरून आले.

"गाईच्या पचनाचं औषध आहे हे?"

"हं," व्यंकटराव म्हणाले. त्यांना एव्हाना त्या अक्षराची सवयच झाली होती.

"मग मला थोडं द्या."

"छे छे! माणसाला कसं चालेल?"

"गोमातेला चालतं आणि मला चालत नाही? तुम्ही मला परका समजता का, व्यंकटराव?"

झालं. नाही म्हणावं तर चौकशी होणार, चौकशी झाली तर पाकीट दाखवावं लागणार. व्यंकटरावांनी घरी येऊन देवाचं नाव घेतलं, पाकीट फोडून भुकटी हिंगाच्या रिकाम्या डब्यात भरली, पाकीट जाळून टाकलं आणि त्यातली चिमूटभर कागदाच्या पुडीत बांधून तात्यासाहेबांच्या हवाली केली. तात्यासाहेबांनी ती ताकातून घेतली. तिने माणसाचा वात जातो असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. पण तात्यासाहेबांच्या पोटाने शास्त्र वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यंकटरावांच्या दारात उभे, चेहऱ्यावर तेज. "व्यंकटराव, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पोटात शांतता आहे हो!" त्यांनी औषधाचं नावही ठेवलं, 'गोपाचक'. त्या आठवड्यात आणखी चार घरांतून वाट्या आल्या.

इकडे कॉलनीला गुण आला, पण ढवळीला काही येईना. व्यंकटराव रोज बिडकीनला जात, भरड्यात भुकटी मोजून टाकत आणि परत येत. ढवळी तशीच बसून. एक दिवस ते सकाळीच पोचले, तर गोठ्यामागे धूर. बघतात तर म्हाळसाबाईने गूळ करायची काहील चुलीवर चढवलेली आणि त्यात भरडा रटरटतोय.

"अहो, हे काय चाललंय?" व्यंकटराव किंचाळलेच.

"कण्या शिजवत्येय."

"औषध घातलेला भरडा शिजवता तुम्ही?"

"मग काय कच्चा घालू? आजारी जीव हाय, पोटुशी हाय." म्हाळसाबाई उलटून म्हणाली. "आमच्यात आजारी मेंढराला बी ऊन ऊन कण्या घालत्येत. सासूपासून चालत आलंय."

व्यंकटरावांनी कपाळावर हात मारला. त्यांनी फोन लावला, आणि योगिनी डॉक्टरांनी सांगितलं की चुलीच्या आचेवर हे एन्झाइम मरतं, भरडा गारच द्यायचा. मग व्यंकटरावांनी म्हाळसाबाईला उष्णता आणि एन्झाइम यांवर एक चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. तसं पाहिलं तर ते स्वतःसुद्धा तो हिंगाचा डबा रोज स्कूटरच्या डिकीत घालून ऑक्टोबरच्या उन्हात भाजत आणत होते, पण तो मुद्दा त्यांनी व्याख्यानात घेतला नाही. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी लाडानंच मारलं म्हना की तिला."

खुराक गार झाला, डबा सावलीत गेला, आणि काय सांगू! ढवळी आधी उभी राहिली. मग चालली. मग एक दिवस कुंपणाशी कुत्रं आलं, तर त्याच्या मागे धावली. म्हाळसाबाईने तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आणि थोड्याच दिवसांत ढवळी व्याली. व्यंकटरावांना इतका आनंद झाला, की कॉलनीच्या फाटकातच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ढवळी व्याली!"

"अरे वा!" तात्यासाहेब म्हणाले. "गोऱ्हा की कालवड?"

व्यंकटराव खरा माणूस. ते म्हणाले, "दोन्ही."

"जुळं!" सगळी कॉलनी गोळा झाली. देशी गाईला जुळं! आता ढवळीला अकरा पिल्लं झाली होती, त्यात नर-मादी दोन्ही होती हे काही खोटं नव्हतं. कल्लूरकर वहिनींनी तिथल्या तिथे जाहीर केलं की वसुबारस तोंडावर आली आहे, यंदाची गाय-वासराची पूजा कॉलनीतल्या सगळ्या बायका ढवळीच्या गोठ्यावर जाऊन करतील. व्यंकटरावांच्या पोटात गोळा आला. त्याला गोपाचकही काही करू शकत नव्हतं.

आणि त्याच सुमाराला गुलाबांना उतरती कळा लागली. आधी कळ्या बारीक झाल्या, मग येईनाशा झाल्या, मग पानांना जांभळट झाक आली. तात्यासाहेब भिंग घेऊन फिरू लागले. कोणी म्हणालं टँकरचं पाणी खारं, कोणी म्हणालं रस्त्याची धूळ, नवे फ्लॅट उठताहेत ना सगळीकडे. व्यंकटरावांनी एक पान हातात घेतलं आणि त्यांचे पाय ढवळीसारखे लटपटले. ती जांभळी झाक त्यांनी नोकरीत हजारदा पाहिली होती. स्फुरदाची कमतरता! कॉलनीच्या गुलाबांना वर्षभर जे मिळत होतं, ते डुकरांना न पचलेलं स्फुरद होतं. आता कुलूप उघडलं, ते हाडांत बसलं, खतात उरलं नाही. ढाल ढवळीच्या मागच्या पायांत गेली होती.

पण हे सांगायचं कुणाला? तात्यासाहेबांनी गाईंवर शंका घेतली. "व्यंकटराव, गाई नाराज आहेत का हो? बाळंतपणात होतं असं. वसुबारसेला मी स्वतःच येतो, बघतो."

आता गाय पाहिजे होती. दुष्काळात गाय मिळणं काय सोपं? ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या पाण्याच्या गावी पाहुण्यांकडे नेऊन सोडल्या होत्या, नाहीतर त्यांना बाजार दाखवला होता. आप्पांनी चार गावं पालथी घातली आणि शेवटी बहिणीकडून, भागूबाईकडून, एक गाय आणली. गाय गरीब होती. फक्त ती काळीकुट्ट होती, आणि तिला वासरू नव्हतं.

"आप्पा, ढवळी काळी कशी असेल?"

"दुष्काळानं, साहेब."

"आणि जुळं?"

"ते आजोळी गेलंय म्हना."

वसुबारसेच्या दिवशी टेम्पो भरून कॉलनी बिडकीनला उतरली. बायका पैठण्या नेसून, हातात ताटं. तात्यासाहेब जाकीट घालून. उमाबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या आणि व्यंकटरावांकडे बघून काही न बोलता गोठ्याकडे चालू लागल्या. डुकरं मागच्या पत्र्याच्या शेडात, पुढे भिंत, भिंतीआड म्हाळसाबाई राखणीला. काळी गाय झेंडूच्या माळेत उभी होती आणि माळ खात होती.

"ही ढवळी?" कल्लूरकर वहिनी म्हणाल्या.

"दुष्काळानं," व्यंकटराव म्हणाले.

"आणि वासरं?"

"आजोळी."

"वासराशिवाय वसुबारस? अहो, आईसोबत लेकरू पाहिजे! पूजा कुणाची करायची मग?"

व्यंकटरावांना उत्तर सुचायच्या आत भिंतीपलीकडून म्हाळसाबाईची आरोळी आली, "आप्पा, धरा! ढवळी सुटली!" महिन्यापूर्वी जिला उभं राहवत नव्हतं, ती ढवळी मागच्या पायांवर जोर देऊन भिंतीवरून अशी सफाईने आली, की योगिनी डॉक्टरांनी पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. भिंतीच्या खालच्या भोकातून पिल्लं आली. सगळी अकरा. ढवळीने काळ्या गाईकडे ढुंकून पाहिलं नाही. ती थेट नैवेद्याच्या ताटाशी गेली आणि बाजरीची भाकरी, गवारीची भाजी असं जे जे होतं ते खायला लागली. पिल्लं तिच्या पोटाखाली घुसून ओळीने लुचू लागली.

तात्यासाहेबांनी बोट दाखवलं. "व्यंकटराव, हे काय आहे?"

आप्पा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "माझी हायेत, साहेब. सेलूकर साहेबांचा काय बी संबंध नाय. मीच बांधली हिथं, त्यांना न इचारता."

सुटका होती. फक्त एक 'हं' म्हणायचा होता. व्यंकटरावांनी आप्पांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि तो 'हं' काही त्यांनी म्हटला नाही. स्वतःच्या पाहुण्यांसमोर त्या माणसाने आजवर डुक्कर म्हटलं नव्हतं, आणि आज कॉलनीसमोर सगळी स्वतःच्या अंगावर घेत होता. व्यंकटरावांना स्वतःची अशी लाज वाटली की शालीचं काय व्हायचं ते होवो असं झालं.

"माझी डुकरं आहेत," ते म्हणाले. "आप्पांची आणि माझी. डुकरं. गाई नव्हत्याच कधी. खतही डुकरांचंच होतं. ढालही."

एका वहिनींनी पदर नाकाला लावला. तात्यासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. काहीतरी आठवत होतं. "आणि ते... गोपाचक?"

"ते डुकरांचं. पाकिटावर चित्र होतं."

"ईऽऽ!" वाट्या पाठवलेल्या त्या चार घरांच्या मंडळींतून एकदम आवाज आला.

लिंबाखाली कॉलनीची तातडीची सभा भरली. आधी विटाळ, मग फसवणूक, मग पोलीस इथपर्यंत गेली. मग कोणीतरी विचारलं, "पण गुलाब का गेले?" व्यंकटरावांनी स्फुरदाचं सगळं सांगितलं. तात्यासाहेब घसा साफ करून मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, व्यंकटराव. झालं ते झालं. इथे आलेल्या कुणी काही पाहिलं नाही. तुम्ही गोसेवक ते गोसेवकच. फक्त ते एन्झाइम बंद करा. स्पर्धा होईपर्यंत."

"मग यांचे पाय जातील."

"डुकरांचेच ना?"

व्यंकटरावांना वर्षभर ज्या शालीची धास्ती होती, ती परत कोणी मागतच नव्हतं. उलट ती पुन्हा खांद्यावर टाकायला सगळी कॉलनी तयार उभी होती. त्यांनी ढवळीकडे बघितलं. ती चार पायांवर घट्ट उभी राहून ताट चाटत होती. म्हाळसाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून व्यंकटरावांकडे बघत होती.

"नाही," व्यंकटराव म्हणाले. "स्फुरद तिच्या हाडांतच राहील. तुमच्या गुलाबांना दुकानातून आणून घाला."

"मग कॉलनीत तुम्हाला लोक काय म्हणतील, माहीत आहे?"

"डुकरंवाला म्हणतील. आहेच मी."

कोणी काही बोलायच्या आत उमाबाई पुढे झाल्या. आपल्या ताटातली उरलेली भाकरी त्यांनी मोडली आणि ढवळीपुढे टाकली. "लेकुरवाळी आहे," त्या म्हणाल्या. "खाऊ दे तिला. आई आणि लेकरं तेवढी इथे हीच आहेत." आणि म्हाळसाबाईच्या कपाळाला कुंकू लावून टेम्पोत जाऊन बसल्या.

घरी आल्यावर व्यंकटरावांनी हळूच विचारलं, "तुला राग नाही आला?"

"आला ना. वर्षभर येतोय. पिशवीच्या दुधाला कशी साय येते ते मला कळत नाही? गोठ्याचं दूध म्हणे!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किटली देताना इतके दमायचात, म्हटलं कधी खरं सांगताहेत ते बघावं."

व्यंकटरावांनी शाल कपाटातून काढून, घडी घालून तात्यासाहेबांकडे पोचती केली. कॉलनीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाण्याच्या टँकरच्या रांगेत लोक जरा अंतर ठेवून उभे राहू लागले. स्पर्धा झाली, ढाल दुसऱ्या कॉलनीत गेली. व्यंकटराव रोज बिडकीनला जात, आणि आता किटली नेत नसत.

आणि मग एका सकाळी दाराची कडी वाजली. दारात तात्यासाहेब. चेहरा उतरलेला, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात रिकामी पुडी. गल्लीत दोन्ही बाजूंना बघून ते कुजबुजले, "ते... थोडं मिळेल का?"

"काय?" व्यंकटरावांनी मोठ्याने विचारलं.

"ते हो. गोपाचक."

"गाई नाहीत आमच्याकडे."

"मग ते, तुम्ही जनावरांना देता ते."

"कुठल्या जनावरांना?"

तात्यासाहेब घुटमळले. गल्ली शांत होती. तेवढ्यात त्यांच्या पोटातून एक लांबलचक अनुमोदन आलं, आणि त्यांचा धीर सुटला.

"डुकरांना!" तात्यासाहेब ओरडले. "डुकरांना देता ते एन्झाइम द्या हो, व्यंकटराव!"

व्यंकटराव हिंगाचा डबा आणायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर तात्यासाहेबांच्या मागे आणखी चार घरची माणसं वाट्या घेऊन उभी होती, आणि सगळ्यांत पुढे कल्लूरकर वहिनी. एकेकाने घसा साफ करून तो शब्द म्हणायची तयारी चालवली होती.